वरण जरा घट्ट करा

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत एक आकडा आहे, तो घर चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा पाहावा असा आहे. गावातलं कुटुंब महिन्याच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४६ टक्के आणि शहरातलं सुमारे ३९ टक्के खाण्यापिण्यावर खर्च करतं. या खाण्यापिण्यात सगळ्यांत मोठा वाटा धान्याचा किंवा दुधाचा नाही. तो आहे पेयांचा आणि तयार खाद्यपदार्थांचा: गावात एकूण खर्चाच्या ९.६ टक्के, शहरात १०.६ टक्के. रेशनवर फुकट मिळालेलं सोडलं तर विकतच्या धान्यावरचा खर्च पाच टक्क्यांच्या आत आहे आणि डाळींवरचा दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. तयार पदार्थांच्या या गटात टपरीवरचा चहा, फरसाण, बिस्किटं, बाहेरून आणलेलं जेवण असं सगळंच येतं, त्यामुळे हा सगळा पैसा वाया गेला असं म्हणता येणार नाही. कामाला बाहेर पडलेल्या माणसाला वडापाव हेच जेवण असतं. तरीही डाळींच्या निदान चौपट-पाचपट रक्कम तिकडे जाते, हे ध्यानात घ्यायला हवं. बेताच्या पैशात बरं खायचं म्हणजे यादीत काहीतरी नवं घालायचं, असा आपला समज असतो. बदाम, ओट्स, ऑलिव्ह तेल, कसली तरी पूड. माझं म्हणणं असं की नवं फारसं काही आणावं लागत नाही. जे घरात येतंच आहे त्याचं आपसातलं प्रमाण बदलायचं, आणि ही सुरुवात डाळीच्या डब्यापासून करायची.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत जे ताट सुचवलं आहे ते असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. यातलं धान्य आणि डाळ यांचं प्रमाण पाहा, साधारण तीनास एक. चौघांच्या घरात ८५ ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्यं लागतात. आता आपल्या घरच्या किराण्याच्या यादीत किती आहेत ते मोजा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०११-१२ च्या फेरीत माणशी महिन्याचा डाळींचा खप एक किलोच्याही आत निघाला होता, म्हणजे हव्या त्या अडीच किलोंच्या निम्म्याहूनही कमी. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम डाळ असते. त्या वरणाबरोबर तीन पोळ्या आणि भात खाल्ला की पोट भरतं, पण ताट भरत नाही. जो मांस, मासे किंवा अंडी नेमाने खातो त्याला डाळ थोडी कमी चालेल. शाकाहारी घराला ही सवलत नाही.

डाळीवर एवढा भर का, याचं कारण प्रथिनांच्या घडणीत आहे. गहू, तांदूळ, ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मिथिओनिन कमी पडतं, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भाजणी ज्यांनी कोणी पहिल्यांदा केली त्यांना लायसिनचं नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, पण ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्यात हरभरा आणि उडीद घालून दळायचं हे त्यांनी ठरवलं, आणि थालीपीठ हा आजही मराठी स्वयंपाकघरातला सर्वांत शहाणा पदार्थ आहे. १९६०-७० च्या दशकांत जगभर 'प्रथिनांच्या दरी'ची मोठी चर्चा चालली होती. गरीब देशांना प्रथिनांचे खास तयार पदार्थ पुरवले पाहिजेत, असा तेव्हा सूर होता. अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्याला विरोध केला. इथलं नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनांची वेगळी सोय करावी लागत नाही, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या पुढच्या काही मतांवर पुष्कळ वाद झाले, तरी मूळ मुद्द्याकडे आजच्या प्रथिन-पुडीच्या जाहिरातींच्या काळात पुन्हा पाहण्यासारखं आहे. अट मात्र विसरायची नाही: जेवण धान्याचं *आणि* डाळीचं हवं.

मग पैशाचा हिशोब करू. भाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे नमुन्यादाखल धरा आणि आपल्या दुकानातले भाव घालून गणित पुन्हा मांडा. रीत सोपी आहे: एका किलोत किती ग्रॅम प्रथिनं, त्याने किमतीला भागायचं. हरभरा डाळ ९० रुपये किलो धरली तर त्यात सुमारे २१० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला ४३ पैसे. तूरडाळ १४० रुपयांना असेल तर ग्रॅमला ६५ पैसे. शेंगदाणे तेवढ्याच भावाचे असले तर ६० पैसे. सोयाबीनच्या वड्यांत निम्मी प्रथिनंच असतात, त्या १३० रुपयांनी घेतल्या तरी २५ पैसे. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे सव्वा रुपयाच्या जवळपास. छप्पन्न रुपये लिटरचं दूध पावणेदोन रुपयांना पडतं. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यात सात ग्रॅम प्रथिनं सापडली तर ती जवळजवळ दीड रुपया ग्रॅम, आणि त्याबरोबर मैदा आणि साखर. मुलांच्या दुधात घालायची चॉकलेटी पूड, जी 'वाढीसाठी' म्हणून विकली जाते, ती साडेचारशे रुपये किलोची असेल आणि तिच्यात सात-आठ टक्के प्रथिनं असतील तर ग्रॅमला सहा रुपये. डब्यामागचं कोष्टक वाचा, भागाकार करा आणि मग ती घ्यायची की नाही ते ठरवा.

चाणाक्ष वाचक इथे आडवा प्रश्न विचारेल. गव्हात दहा टक्क्यांवर प्रथिनं असतात आणि गहू ३५ रुपयांना मिळतो. म्हणजे ग्रॅमला ३३-३४ पैसे. मग डाळीपेक्षा स्वस्त पोळीच नाही का? हिशोब बरोबर आहे, पण प्रश्न अर्धाच आहे. एक तर त्या प्रथिनांत लायसिन कमी असल्याने शरीराला त्यांचा पुरता उपयोग करता येत नाही. दुसरं म्हणजे पोळीतून पुरेशी प्रथिनं घ्यायची तर पोळ्यांची चळत खावी लागते आणि पिष्टाचा भार वाढत जातो. पोषण संस्थेची शिफारस धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा मिळू नये अशी आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्याला जास्तीची भाकरी पचून जाते. दुकानात, कचेरीत किंवा शिलाई मशीनवर बसून काम करणाऱ्याला नाही. म्हणून पोळीला डाळीची जोड दिली की दोन्हींचं मोल वाढतं, आणि एक पोळी कमी होऊन तिची जागा वाटीभर उसळीने घेतली तर खर्चात फरकही फारसा पडत नाही.

तरी डाळी वाढवायच्या तर पैसे कुठून तरी काढावे लागणारच. पहिली जागा तेलाची. दिवसाला माणशी २७ ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटर. ज्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो, तिथे दीड लिटर वाचवलं तर १४० रुपये भावाने दोनशे रुपये सुटतात आणि त्यात दोन किलोंहून जास्त हरभरा डाळ येते. तेल ओतून घालण्याऐवजी चमच्याने मोजून घालणं एवढा एकच नियम महिनाभर पाळून पाहा. भाजीवर तवंग आला नाही तर ती बिघडते असं नाही; दाण्याचं कूट घातलेल्या भाजीला तर स्वतःचंच तेल असतं. दुसरी जागा साखरेची. वरून घातलेली साखर दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असं सांगितलं जातं, आणि दिवसाचे चार चहा दोन-दोन चमच्यांचे असले तर ती मर्यादा चहातच ओलांडली जाते. गुळाने हा हिशोब बदलत नाही. त्यात खनिजं थोडी जास्त आहेत, पण चमच्यादोन चमच्यांत ती नगण्य, आणि भाव साखरेपेक्षा चढा. तिसरी जागा पुड्यांची: बिस्किटं, खारी, टोस्ट, नूडल्स, कुरकुरे. यांच्यावर सरसकट बंदी घालायला मी सांगणार नाही, कारण बंदी चार दिवस टिकते आणि मग दुप्पट सामान येतं. महिन्याच्या यादीत त्यांची रक्कम आधीच ठरवावी आणि ती संपली की संपली. मधल्या वेळच्या खाण्याला फुटाणे, शेंगदाणे, चुरमुऱ्यांची भेळ, उकडलेली उसळ यांतलं काहीतरी घरात तयार असलं तर पुडा फोडण्याची वेळ कमी येते.

आक्षेप येतो की डाळच परवडत नाही. तूरडाळीचा भाव मध्येच दीडशेच्या पुढे जातो, हे खरंच आहे. पण हा आक्षेप तुरीचा आहे, डाळींचा नाही. रोज तुरीचंच वरण हवं ही सवय आहे. मसूर, हरभरा, वाटाणा, मटकी, चवळी, कुळीथ यांच्यात प्रथिनं तुरीच्याच आसपास आहेत, आणि यांतलं काही ना काही तुरीपेक्षा नेहमीच स्वस्त असतं. निम्मी तूर आणि निम्मी मसूर शिजवली तर घरातल्या बहुतेकांना फरक कळत नाही, विशेषतः आमसुलाची आमटी असेल तर. कोकणात कुळथाचं पिठलं आणि देशावर हरभऱ्याचं पिठलं ही गरिबाची जेवणं म्हणून ओळखली गेली, म्हणून सुस्थितीतल्या घरांनी ती अडीअडचणीला ठेवली. त्यांना आठवड्यातून दोनदा हक्काची जागा द्यावी. बेसन पाकिटातलं न घेता हरभरा डाळ गिरणीवर दळून आणावी, स्वस्त पडते आणि भेसळीची धास्ती राहत नाही. खरेदीची वेळही बघावी. तूर जानेवारीपासून बाजारात येऊ लागते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. चार-पाच शेजारणींनी मिळून त्या वेळी वर्षाची नाही तरी चार महिन्यांची भरणी केली, नीट वाळवली, तर पावसाळ्यातली भाववाढ थोडी चुकवता येते. ज्यांच्याकडे एकरकमी पैसा नाही त्यांना बचत गटाचं छोटं कर्ज यासाठी घेणंही चुकीचं नाही.

दुसरा आक्षेप गॅसचा आणि वेळेचा, आणि तो बहुधा घरातल्या बाईकडून येतो, म्हणून तो हलक्यात घेऊ नये. कडधान्यं रात्रभर भिजवली की शिजायला निम्म्याहून कमी वेळ लागतो. मोड आलेली मटकी तर कढईत झाकण ठेवून दहा मिनिटांत होते. कुकरच्या तीन डब्यांत वरण, भात आणि भाजीचा बटाटा किंवा भोपळा एकाच वेळी लावणं ही जुनीच युक्ती आहे. मोड आणण्याने शिजवणं सोपं होतंच, शिवाय लोहाला अडवणारं फायटेट कमी होऊन ते अंगी लागायला मदत होते. उरली वाताची तक्रार. भिजवलेलं पाणी टाकून द्यावं, हिंग, आलं, ओवा वापरावा, आणि प्रमाण एकदम न वाढवता दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

भाज्यांचं गणित सगळ्यांत अवघड आहे. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना रोज एक किलो ६०० ग्रॅम. कडक उन्हाळ्यात किंवा अतिवृष्टीनंतर भाव कडाडले की हे जमणार नाही, आणि जमतं असं सांगणं खोटेपणाचं ठरेल. पण जेवढा पैसा भाजीवर जातो त्यात जास्त भाजी आणता येते. हंगामात जी भाजी ढिगाने आली आहे ती घ्यायची. टोमॅटो शंभरीला टेकले की त्यांच्यावाचून अडत नाही, चिंच आणि आमसूल आहेतच. लाल भोपळा टिकतो, स्वस्त असतो आणि जीवनसत्त्व 'अ'साठी उत्तम. त्याला घारग्यांपुरतं मर्यादित ठेवण्याचं कारण नाही. शेवग्याचा पाला अनेक गावांत कुंपणावर फुकट मिळतो, आणि त्यात कॅल्शियम, लोह, बीटा कॅरोटिन या तिन्हींचा साठा आहे. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं, कोथिंबिरीच्या काड्या आपण फेकतो त्या भाजीच आहेत. अंबाडी, चाकवत, करडई, घोळ, तांदुळजा अशा पालेभाज्या डाळ घालून पातळ केल्या की एका जुडीत चौघांचं भागतं आणि डाळही पोटात जाते. आधी धुवायची आणि मग चिरायची, एवढं मात्र सांभाळावं.

ज्याला एक पैसाही लागत नाही असा बदल लोहाबद्दलचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. वनस्पतींतून येणारं लोह शरीर कष्टाने शोषून घेतं. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं, सोबत चहा असेल तर कमी. म्हणून उसळीवर लिंबू पिळावं, जेवणात आवळ्याची किंवा पेरूची फोड असावी आणि चहा जेवणाला चिकटून न घेता तासभर मागे-पुढे घ्यावा. चहा-पोळी हा अनेक घरांत सकाळचा ठरलेला नाश्ता आहे. त्यात पोळीतलं लोह बऱ्याच अंशी वाया जातं. मात्र हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं असेल तर ताटातल्या बदलावर विसंबून राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात.

भाकरीबद्दल थोडं सावध बोलायला हवं, कारण २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर तिचं कौतुक इतकं झालं की भाव विसरले गेले. बाजरीत पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ दहापट लोह आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तीनशे मिलिलिटर दुधाइतकं, जरी त्यातलं सगळं अंगी लागत नसलं तरी. पण शहरात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते, आणि रेशनचा गहू घरात असताना ती विकत घेणं प्रत्येकाला पेलणार नाही. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. आठवड्यातून दोन वेळा बाजरी किंवा नाचणी पुरे. पैसा उरला तर तो आधी डाळीला द्यावा. कारळ, तीळ, जवस यांच्या चटण्या मात्र रोजच्या ताटात हव्यात. चमचाभर तिळात कॅल्शियम आहे, जवसात शाकाहारी माणसाला सहसा न मिळणारं ओमेगा-३ आहे, आणि पाव किलोची चटणी पंधरा दिवस जाते.

दूध सगळ्यांना तीनशे मिलिलिटर द्यायचं तर चौघांचा खर्च महिन्याला दोन हजारांपर्यंत पोहोचतो. जमत नसेल तर क्रम लावावा: मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई, मग बाकीचे. ज्यांना चालतं त्यांनी अंडी वाढवावीत. प्राणिज अन्नात ती सर्वांत स्वस्त, आणि डाळींत अजिबात नसलेलं बी-१२ त्यांतून मिळतं. किनारपट्टीवर सुकट आणि जवळा आहेच. निव्वळ शाकाहारी घराने बी-१२ साठी दूध-ताक पूर्ण बंद करू नये. फळांत सफरचंदाचा मान उगाच मोठा आहे. पेरूत संत्र्याच्याही कितीतरी पट 'क' जीवनसत्त्व असतं आणि सफरचंदात ते नावापुरतं. केळी, पेरू, बोरं, हंगामातली जांभळं, पपई हीच गरिबाघरची आणि खरं तर सगळ्यांचीच फळं.

हे सगळं आणून शिजवलं तरी ते कोणाच्या ताटात पडतं, हा प्रश्न राहतोच. पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते, आणि तोवर भांड्यात वरणाचं वरचं पाणी किंवा तळाचा चमचाभर गाळ उरलेला असतो. घट्ट वरण नवऱ्याला आणि मुलग्यांना, पोळी-लोणचं तिला. घरातल्या मोठ्या माणसांत सर्वाधिक रक्तक्षय जिला आहे तिलाच सर्वांत कमी डाळ, असा हा उलटा व्यवहार आहे आणि तो सुधारायला बाजारात जावं लागत नाही. सगळ्यांनी एकत्र बसावं, ते जमत नसेल तर तिची वाटी आधी काढून झाकून ठेवावी. मुलीच्या आणि मुलाच्या वाटीत सारखंच वाढावं. डाळीचे दोन किलो वाढवून तिला काहीच मिळालं नाही तर केलेली बचत निम्मी वाया गेली.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाच संस्थांच्या २०२४ च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२२ साली निम्म्याहून अधिक भारतीयांना सकस आहार परवडत नव्हता, आणि तो हिशोबही प्रत्येक गटातले स्थानिक स्वस्त पदार्थ धरूनच केला होता. म्हणजे कितीही काटकसर केली तरी ज्यांचं गणित सुटत नाही अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांना नियोजन शिकवणं उर्मटपणाचं होईल. त्यांच्यासाठी हक्काचं आहे ते पदरात पाडून घेणं हा आहाराचाच भाग आहे. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य आहे, जानेवारी २०२३ पासून मोफत. पाच किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, लागणाऱ्या २५० ग्रॅम धान्याचे दोन तृतीयांश. या धान्यामुळे वाचलेली रोकड कुठे जाते, ते पाहावं. ती डाळीकडे वळवता आली तर रेशनचं मोल दुप्पट होतं. मुलाचं नाव कार्डात चढवायचं राहून गेलेलं असतं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं माहेरच्या कार्डातून कमी केलेलं नसतं, आणि त्यापायी वर्षाला माणशी साठ किलो धान्य सुटतं. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी घरी नेण्याचा आहार असतो. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासूनच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्यासाठी दिवस गेल्याचं कळताच, पहिल्या तीन महिन्यांतच अंगणवाडीत नाव नोंदवावं. उशिरा नोंद केली की मधल्या महिन्यांचं काही मागे मिळत नाही.